शेल्याचं दुसरं टोक

स्वयंपाकघरातल्या कपाटाची मूठ उपटून आली तेव्हा बाल्दोमेर तिसऱ्या गिरकीत होता. त्या वर्षातली ही चौथी मूठ. तो थांबला, पोटावरचा वेढा एका हाताने दाबून धरला, मूठ पायाने बाजूला सारली आणि शेल्याचं टोक न्हाणीघराच्या दाराला बांधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गावात लोखंडी सामानाचं दुकान एकच आणि तेही त्याचंच, त्यामुळे मुठींची ददात नव्हती.

शेला काळा, जाड सुती, अकरा मीटर लांब. रिउदोलिवा गावात माणसांचे मनोरे रचणारं पथक होतं, त्यात जे मनोऱ्याच्या तळाला उभे राहतात, त्यांचा शेला सगळ्यांत लांब असतो. कमरेपासून बरगड्यांपर्यंत आवळून गुंडाळला, की डोक्यावर सात थर माणसं चढली तरी पाठ जागची हलत नाही. रीत अशी, की एकाने टोक ओढून धरायचं आणि दुसऱ्याने गिरक्या घेत घेत त्यात शिरायचं. एकट्याच्याने तो घट्ट बसत नाही. बत्तीस वर्षं ते दुसरं टोक रोसेरने, त्याच्या बायकोने, धरलं. रोसेर जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून कपाट धरत होतं.

आता मनोऱ्याच्या दिवशी शेला सगळं पथकच बांधतं, त्यात काही विशेष नाही. पण हा बाबा रोज बांधायचा. सकाळी कॉफीच्या आधी बांधला की रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अंगावर. शेला पाठीला धरतो, आपली पाठ दुखते, तेव्हा शेला जितका जास्त वेळ तितकी पाठ लवकर बरी, असा त्याचा सरळ हिशोब. दीड वर्षात पाठ तसूभरही बरी झाली नव्हती. त्यावरून त्याने एवढंच ताडलं, की आपण शेला पुरेसा घट्ट बांधत नाही. मुठी उपटायला लागल्या त्या तेव्हापासून.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी सराव संपल्यावर रेमेईने त्याला बाजूला घेतलं. रेमेई पथकाची प्रमुख, गावातलं औषधांचं दुकान तिचं. सात वर्षांची असताना ती मनोऱ्याच्या टोकाला चढायची, आणि त्या टोकापर्यंतचा तिचा रस्ता बाल्दोमेरच्या पाठीवरून जायचा. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि शिट्टी तिच्या गळ्यात होती.

"काका, सांत रोकच्या सणाला आठ थर लावायचेत."

"ऐकलंय."

"तळाला तिघं लागतील. दोघं ठरलेत."

"तिसरा मी."

"तिसरे तुम्ही, नाहीतर ओट."

ओट म्हणजे दारातून तिरका होऊन आत येणारा गडी.

"ओट पोर आहे अजून."

"दोन पोरांचा बाप आहे तो. काका, परवा चौकात तुमची किल्ली पडली. ती उचलायला तुम्ही भिंत धरून खाली गेलात, आणि वर यायला पाद्रीबाबांनी हात दिला. मी दुकानातून बघत होते."

"तो शेजारी उभा होता म्हणून दिला. त्याला पण काहीतरी काम नको का?"

"आरोग्य केंद्रात व्यायामोपचाराची नवी बाई आलीय. तिच्याकडे जा. ती हो म्हणाली तर तुम्ही तळाला. नाही म्हणाली तर ओट तळाला आणि तुम्ही बाहेरून टेकू देणाऱ्या घोळक्यात."

बाल्दोमेर शेल्याची कड चाचपत राहिला. तळाचा माणूस एकदा घोळक्यात गेला की त्याला पुन्हा तळाला कुणी बोलावत नाही, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. आणि तळाची जागा गेली तर मग राहिलं काय? दुकान, आणि घरी दोन खुर्च्या. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, माणसं त्याला चहूबाजूंनी चिकटून उभी राहायची, बगलेत खांदा घालायची, मानेवर श्वास सोडायची. बाकी सहा दिवस त्याला कुणाचं बोटसुद्धा लागत नव्हतं. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. पण भीती होती ती याचीच.

व्यायामोपचाराची बाई निघाली एकोणतीस वर्षांची, दूरच्या गालिसियाकडची, नाव उशिया. तिने जन्मात माणसांचा मनोरा पाहिलेला नव्हता आणि त्याबद्दल तिला काही वाटतही नव्हतं. तिने त्याला शर्ट काढायला सांगितला. शर्टाखाली शेला.

"हे काय आहे?"

"शेला."

"काढा."

"अकरा मीटर आहे, डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही. काढा."

तो उलट्या गिरक्या घेऊ लागला. काम लवकर व्हावं म्हणून उशियाने पुढे होऊन लोंबतं टोक हातात घेतलं. बाल्दोमेर जागच्या जागी थांबला.

"ते सोडा."

"मदत करतेय."

"धरू नका. तुमच्या दाराला बांधा हवं तर."

उशियाने त्याच्याकडे पाहिलं, टोक खाली सोडलं, आणि खुर्चीत बसून राहिली. तो एकट्याने शेला सोडवेपर्यंत पाच मिनिटं गेली. तिच्याकडे प्रत्येक रोग्याला वीस मिनिटं मिळत. मग तिने जमिनीवर एक पेन्सिल टाकली आणि उचलायला सांगितली. बाल्दोमेर खाली गेला तो मजूर एखादं कपाट जिन्यावरून उतरवतात तसा, टप्प्याटप्प्याने, सगळा एका तुकड्यात. पेन्सिल त्याने उचलली. वर येताना मात्र त्याचा जबडा आवळला आणि हात शर्टाची कॉलर शोधू लागला, पण शर्ट खुर्चीवर होता.

उशियाने तो शर्ट उचलून पाहिला. कॉलरची दोन्ही टोकं चघळून चघळून चिंध्या झालेली.

"उंदीर आहेत का घरी?"

"नाहीत. वरचा चढायला लागला की कॉलर दातात धरायची असते. नाहीतर त्याच्या पायाखाली शर्ट ओढला जातो."

"हा शर्ट मनोऱ्याचा आहे?"

"नाही. दुकानात घालायचा."

"दुकानात तुमच्या अंगावर कोण चढतं?"

 मग तिने त्याला टेबलावर आडवं केलं, पोटावर तळहात ठेवला आणि श्वास घ्यायला सांगितलं. पोट दगडासारखं. खांदे तेवढे कानाकडे सरकले.

"आता सोडा."

तो तसाच पडून राहिला.

"सोडा म्हटलं मी."

"तळाला उभं असताना पूर्ण सोडायचा नसतो. थोडा थोडा चोरून घ्यायचा. सोडला की शेला सैल होतो, शेला सैल झाला की पाठ हलते, पाठ हलली की वरची पोर पडते."

"आत्ता तुमच्या खांद्यावर कोण आहे?"

त्याने खरोखर विचार केला. "आत्ता कुणी नाही."

"मग?"

"पण सांगता येत नाही ना."

उशियाने कागदावर काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "वरचे उतरले हे तुम्हाला कळतं कसं? खाली काही दिसत नसेल."

"काही म्हणजे काही दिसत नाही. समोरच्याची हनुवटी दिसते. सनई ऐकून कळतं, पोर टोकाला पोचली, खाली यायला लागली. आणि शेवटी माझ्या खांद्यावरचा गास्पार उतरतो, तो मानेवर दोन थापा मारतो. म्हणतो, उतरलो. तोपर्यंत वीज पडली तरी हलायचं नाही."

"आणि मनोरा कोसळला तर?"

"कोसळल्यावर थापा कोण मारत बसणार?"

हेही तिने लिहून घेतलं.

निघताना तिने त्याला तीन कामं दिली. रोज दहा मिनिटं जमिनीवर आडवं पडायचं, पाय खुर्चीवर, आणि सूप निववताना फुंकतो तसा श्वास सोडायचा, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. दर आठवड्याला शेल्याचा एक वेढा कमी करायचा. आणि कुठेही उभं राहिलं की पुतळ्यासारखं न राहता वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं. "तुमची पाठ मोडलेली नाही," ती म्हणाली. "एक्स-रेच्या फोटोत तुमच्या वयाच्या सगळ्यांची दिसते तशीच दिसते. दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. दुखणं खरंच आहे. पण तुम्ही चोवीस तास ओझं उचलून उभे आहात, आणि ओझं तर कुठे दिसत नाही."

"चोवीस नाही," बाल्दोमेर म्हणाला. "रात्री शेला काढतो मी."

तिसरं काम त्याने पावाच्या दुकानात सुरू केलं. रांगेत उभा राहून तो डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर जाऊ लागला, आणि सोबत फू करून श्वास सोडू लागला. तिसऱ्या दिवशी पाववाल्या बाईने काही न बोलता पाठीमागच्या संडासाची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती घेतली, आत जाऊन दोन मिनिटं उभा राहिला आणि किल्ली परत केली. आता सगळी हकिगत सांगत कोण बसणार. त्या महिन्यात तो रोज पावाबरोबर ती किल्लीही घेत होता.

शनिवारी नेहमीप्रमाणे गास्पार दुकानात आला, कागदात बांधलेली सॉसेजची माळ घेऊन. गास्पार गावचा खाटीक. वीस वर्षं तो बाल्दोमेरच्या खांद्यावर उभा राहत आला होता. दोन वर्षांपूर्वी सांत रोकच्याच दिवशी मनोरा कोसळला आणि गास्पार, पंच्याऐंशी किलोचा, बाल्दोमेरवर आला. पाठ तेव्हापासून दुखते, असं बाल्दोमेर सगळ्यांना सांगे. गास्पारला त्याने कधी बोल लावला नाही. फक्त गास्पार समोर आला की त्याचा हात आपोआप कमरेवर जाई. आणि गास्पार दर शनिवारी सॉसेज आणून देई, जाड, मिरी घातलेली, आणि पैशाचं नाव काढू देत नसे.

"कशी आहे रे?"

"कोण?"

"कोण म्हणजे. पाठ."

"आहे आपली." हात कमरेवर.

गास्पारने मान खाली घातली. "या वेळी ओट उभा राहिला तरी मी त्याला सांगितलंय, जागा बाल्दोची आहे. तू तात्पुरता." मग नाक जरा आक्रसून म्हणाला, "एक सांगू? राग मानू नकोस. तो शेला एकदा धुवून टाक."

"धुतलेला आहे."

"कधी?"

बाल्दोमेर खिळ्यांच्या डब्याचं झाकण लावत बसला. शेला शेवटचा धुतला होता रोसेरने, आजारी पडायच्या आधी. इस्त्री करून घड्या घालून ठेवला होता. त्या घड्यांच्या खुणा केव्हाच गेल्या होत्या, पण पाण्यात घालायला त्याचा हात धजत नव्हता.

आजार येतो हत्तीच्या पावलाने आणि जातो मुंगीच्या, म्हणतात. बाल्दोमेरची मुंगी तर लंगडी होती. जुलै संपला तेव्हा तो जमिनीवर दहा मिनिटं पडू शकत होता आणि शेल्याचे तीन वेढे कमी झाले होते. पाठ दुखतच होती, पण कधी कधी दुखायला विसरे. एकदा त्याने भिंत न धरता खिळा उचलला आणि उचलल्यावर त्याच्या लक्षात आलं. लक्षात येताच लगेच दुखली.

चौथ्या भेटीत उशियाने आरोग्य केंद्राची जुनी फाईल पुढ्यात घेतली.

"पाठ कधीपासून दुखते म्हणालात?"

"सांत रोकचा दिवस, दोन वर्षांपूर्वीचा. गास्पार पडला माझ्यावर."

"म्हणजे ऑगस्ट. इथे तुम्ही पहिल्यांदा आलात ते मार्चमध्ये."

"मध्ये वेळ नव्हता."

"सात महिने?"

"रोसेर आजारी होती."

"कोण करायचं त्यांचं?"

"मीच. दुसरं कोण आहे?" तो सरळ सांगत गेला, सामानाची यादी सांगावी तसं. "सकाळी पलंगावरून खुर्चीत. खुर्चीतून न्हाणीत. न्हाणीतून परत. दुपारी खिडकीशी बसायची तिला हौस, तर खिडकीशी. शेवटी शेवटी पाय टाकत नव्हती, मग उचलूनच."

"दिवसातून आठ-दहा वेळा तरी होत असेल."

"होत असेल. मोजलं नाही."

"तेव्हा पाठ दुखायची?"

"तेव्हा कशी दुखेल?" बाल्दोमेर म्हणाला. "तेव्हा ती होती."

खोलीत पंखा फिरत होता. उशियाने या वेळी काही लिहिलं नाही. बाल्दोमेरने खिडकीकडे पाहिलं आणि आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं. फेब्रुवारीत रोसेरला शेवटचा निरोप दिला तो दिवस त्याला आठवला. चर्चच्या दारात तो उभा होता, पाठ ताठ, कॉलर दातात, आणि सगळं गाव एकेक करून हात मिळवून जात होतं. बाल्दोमेर खांबासारखा उभा राहिला हो, एक थेंब नाही डोळ्यात, असं लोक पुढे महिनाभर सांगत होते. त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं. खांब म्हणजे चांगलंच की. लोक गेले, दार लागलं, आणि तो घरी येऊन ओट्यापाशी तसाच उभा राहिला. अंगातलं काही खाली ठेवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"म्हणजे गास्पारमुळे नाही," तो म्हणाला.

"कशामुळे ते मलाही नक्की सांगता यायचं नाही. थोडं पडण्यामुळेही असेल. पण आता जे दुखतंय ते तुम्ही ज्या तऱ्हेने स्वतःला धरून ठेवता त्याने दुखतंय."

"दोन वर्षं सॉसेज खाल्ली मी त्याची."

"ते माझ्या खात्यात येत नाही," उशिया म्हणाली.

तिने चिठ्ठी लिहून दिली. बाल्दोमेरने ती बाहेर येऊन वाचली, आणि पुन्हा आत गेला.

"हे काय लिहिलंय?"

"वाचता येतंय की. पाठ ठीक. मनोऱ्याच्या तळाला उभं राहण्यास हरकत नाही, मात्र शेल्याचं दुसरं टोक माणसाने धरलं पाहिजे. दार, कपाट, मूठ चालणार नाही."

"याचा पाठीशी काय संबंध?"

"कपाट सारखंच ओढतं. तुमचा श्वास आत आहे की बाहेर, त्याला कळत नाही. माणसाला कळतं, तो ढील देतो." तिने पेन खाली ठेवलं. "आणि उपटत नाही."

चिठ्ठी रेमेईने दोनदा वाचली. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"मी धरू, काका?"

"तू नको."

"ओट?"

"ओटने धरलं तर मी तळाला काय करतोय? त्यालाच बांध."

"मग सांगा कोण ते. सणाच्या दिवशी चौकात शेला बांधताना मला दुसऱ्या टोकाला माणूस दिसला पाहिजे. दिसला नाही तर ओट. सही आहे चिठ्ठीवर, मी काही करू शकत नाही." रेमेई औषधवाली होती. चिठ्ठीपुढे ती कुणाचंच ऐकत नसे.

सांत रोकचा दिवस उजाडला. बाल्दोमेर त्या दिवशी दीड वर्षात पहिल्यांदा शेला न बांधता घराबाहेर पडला. शेला घडी करून बगलेत. उघड्या कमरेला वारा लागत होता आणि त्याला सारखं वाटत होतं, की आपण पायजम्यातच बाहेर आलो आहोत. चौकात विटकरी शर्टांची गर्दी झाली होती. जो तो कुणाला तरी टोक देऊन गिरक्या घेत होता. बाप लेकीला, नवरा बायकोला, दोन शेजारी एकमेकांना. बाल्दोमेर कारंज्यापाशी उभा राहिला आणि वजन या पायावरून त्या पायावर नेत राहिला. वीस पावलांवर रेमेई शिट्टी बोटात फिरवत त्याच्याकडेच बघत होती. तिच्या मागे ओट, अजून न बांधलेला.

गास्पार गर्दीतून आला. "बाल्दो, बांधला नाहीस? घरून गुंडाळून येतोस ना तू, नटून आलेल्या जावयासारखा?"

"धरायला कुणी नाही."

गास्पारने त्याच्या बगलेतल्या शेल्याकडे पाहिलं. बाल्दो त्याला कुणाला हात लावू देत नाही, हे सगळं पथक दीड वर्ष बघत होतं.

"आधी एक सांगायचंय," बाल्दोमेर म्हणाला. "पाठ तुझ्यामुळे दुखत नाही."

"म्हणजे?"

"तू पडलास ऑगस्टमध्ये. दुखायला लागली मार्चमध्ये. रोसेर गेल्यावर."

गास्पार हिशोब करत उभा राहिला. खाटकाला हिशोब पटकन येतो, पण हा वेळ घेत होता.

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"दहा दिवस झाले."

"दहा दिवसांत दोन शनिवार आले."

"हो."

"दोन्ही वेळा घेतलीस."

"घेतली. चांगली होती."

गास्पारने एकदा आभाळाकडे पाहिलं. "दोन वर्षं मी रात्री तुझ्या पाठीचा विचार करत झोपतो, गाढवा. बायको म्हणते, माझ्या गुडघ्याचा कधी केलास का? दोन वर्षं." मग त्याने हात पुढे केला. "आण ते इकडे. नाक दाबून धरतो."

बाल्दोमेरने बगलेतला शेला काढला. टोक देताना त्याची बोटं लगेच सुटली नाहीत. गास्पारने ओढलं नाही, तो नुसता वाट बघत थांबला. शेवटी ती सुटली. गास्पार दहा पावलं मागे गेला, टोक मुठीत गुंडाळून त्याने टाच रोवली, आणि बाल्दोमेर पहिल्या गिरकीला लागला. प्रत्येक वेढ्याला तो श्वास सोडत होता आणि प्रत्येक श्वासाला गास्पार बोटभर ढील देत होता. मधेच गास्पारने विचारलं, "रोसेर एवढं ओढायची?"

"जास्त."

"ती एवढीशी बाई?"

"तिची टाच आमच्या फरशीत उमटलीय," बाल्दोमेर म्हणाला, आणि शेवटची गिरकी घेऊन गास्पारच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. रेमेईने शिट्टी तोंडात धरली. ओटने आपला शेला खांद्यावर टाकला आणि घोळक्यात जागा शोधायला गेला.

मग तो तळाला गेला. दोन्ही बाजूंनी बगलेत खांदे आले, पाठीला छात्या लागल्या, हात समोरच्या दोघांच्या दंडात अडकले. गास्पार पाठीवरून चढून खांद्यावर उभा राहिला. त्याच्यावर तिसरा थर, त्यावर चौथा. बाल्दोमेरला समोरच्याची हनुवटी दिसत होती. कॉलर दातात होती, ती तिथे असायलाच हवी होती. सनई सुरू झाली. वजन एकेका थराने उतरत खाली आलं, मानेत, पाठीत, टाचांत. तो थोडा थोडा श्वास घेत होता, पण आज सोडतही होता, सूप निववावं तसा, आणि पाठ हलली नाही. सनईचा सूर वर गेला. पोर टोकाला पोचली होती. चौक ओरडला. मग सूर बदलला आणि वजन हलकं होऊ लागलं, आठवा, सातवा, सहावा. समोरच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. पाचवा. चौथा. तिसरा.

गास्पार पाठीवरून घसरून खाली उतरला. बाल्दोमेर तसाच उभा होता. मानेवर दोन थापा पडल्या.

"उतरलो, बाल्दो," गास्पार म्हणाला. "झालं. सगळे उतरले."

बाल्दोमेरने कॉलर सोडली. श्वास बाहेर पडला आणि त्याच्यामागोमाग जे आलं ते त्याला आवरता आलं नाही.  सहा फुटांचा माणूस चौकाच्या मधोमध तोंड उघडं टाकून रडू लागला, हुंदके देत, पोट हलवत, फेब्रुवारीत रडायला हवं होतं तसा. कुणीही वळून बघितलं नाही. आठ थर लागून सुखरूप उतरले की रिउदोलिवात सगळेच रडतात. रेमेई रडत होती, सनईवाले रडत होते, ओट दोन्ही पोरांना कडेवर घेऊन रडत होता. त्यात आणखी एक. फक्त चौकाच्या कडेला उशिया उभी होती, कोरड्या डोळ्यांची, आणि घड्याळात बघत होती. तिने नंतर फाईलीत लिहिलं, श्वास सोडता येतो, सलग अकरा मिनिटं.

गास्पारला मात्र कळलं. शेल्याचं टोक त्याच्या हाताशी आलं होतं, ते त्याने धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाल्दोमेरची पाठ दुखली. मांड्याही दुखल्या, मानही. काम केलेल्या माणसाचं दुखतं तसं ते दुखत होतं, आणि दोन दिवसांनी गेलं. जुनं दुखणं अधूनमधून येत राहिलं. आलं की तो जमिनीवर पडून फुंकर घालत बसे. पावाच्या दुकानातली किल्ली त्याने शेवटपर्यंत नाकारली नाही.

शनिवारी गास्पार सॉसेज घेऊन आला. हात कमरेवर गेला नाही, हे दोघांनीही पाहिलं.

"आता कशाला आणलीस?"

"सवय," गास्पार म्हणाला. "शेला कुठाय?"

बाल्दोमेरने दुकानाच्या दारातून हनुवटीने वर दाखवलं. सकाळी त्याने तो बादलीत घातला होता. पाणी तीनदा काळं झालं होतं, आणि तिन्ही वेळा ते ओतून टाकायच्या आधी तो थोडा वेळ बादलीपाशी बसला होता. आता अकरा मीटर शेला दुकानावरच्या त्याच्या सज्ज्यापासून समोरच्या घराच्या सज्ज्यापर्यंत गल्लीवरून आडवा वाळत होता. दुसऱ्या टोकाला समोरची म्हातारी खुर्ची टाकून बसली होती, चिमटा नव्हता म्हणून टोक हातात धरून.